'द' नसलेल्या भाषेतून ठराव २४२ वाचताना

चतुःसीमा (धागाकर्ता)

पस्तीस वर्षं मी तालुक्याच्या गावी दस्त लिहिले. खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोड, बक्षीसपत्र. त्या कामातून एक खोड लागली, ती आजवर सुटलेली नाही. कुठलाही करार हातात आला की आधी चतुःसीमा बघायची, मग मुदत, मग 'कसूर झाल्यास काय' हे कलम. बाकीची गोड भाषा शेवटी.

निवृत्तीनंतर याच खोडीने इस्रायल आणि अरब यांच्यातले करार आणि ठराव वाचायला घेतले. बातम्या नव्हे, मूळ मजकूर. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने गाझाबद्दल ठराव २८०३ मंजूर केला, तेव्हा तो छापून घेऊन बसलो. पॅलेस्टिनी राज्याबद्दल त्यात काय आहे? पॅलेस्टिनी प्राधिकरणाने (पॅलेस्टिनींचं मर्यादित अधिकारांचं सरकार) सुधारणा केल्या आणि गाझाची उभारणी पुढे सरकली, की स्वयंनिर्णयाकडे व राज्याकडे जाणाऱ्या विश्वासार्ह मार्गासाठी लागणारी परिस्थिती अखेर तयार झालेली 'असू शकेल'. मी हे वाक्य चार वेळा वाचलं. आधी परिस्थिती, मग मार्ग, मग राज्य, आणि एकालाही तारीख नाही. सैन्यमाघारीचं कलमही तसंच. निकष आहेत, टप्पे आहेत, दिवस लिहिलेला नाही.

तोफा बऱ्याच अंशी थांबल्या, जिवंत ओलीस घरी आले, याचं मोल मला कमी करायचं नाही. पण असा दस्त मी कुणा अशिलाला सहीसाठी दिला नसता.

ही भाषा कुठून आली हे शोधत मागे गेलो आणि २२ नोव्हेंबर १९६७ ला येऊन थांबलो. त्या जूनच्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने इजिप्तचं सिनाई द्वीपकल्प, गाझा, जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गोलान टेकड्या घेतल्या होत्या. ब्रिटनचे राजदूत लॉर्ड कॅरेडन यांनी ठराव २४२ चा मसुदा मांडला आणि पंधराच्या पंधरा सदस्यांनी तो मंजूर केला. त्यातली कळीची ओळ अशी: अलीकडच्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्याची माघार.

इंग्रजी मजकुरात 'प्रदेशां'च्या आधी 'द' (the, म्हणजे 'ते ठरावीक') नाही. इस्रायल म्हणतो, तो मुद्दाम गाळला, म्हणजे माघार काही प्रदेशांतून, सगळ्या नव्हे. अरब देश म्हणतात, फ्रेंच मजकूर बघा, त्यात 'दे तेरितुआर' आहे, म्हणजे ते सगळेच. शिवाय त्याच ठरावाच्या प्रस्तावनेत युद्धाने भूमी मिळवणं अमान्य असल्याचं लिहिलंय. एका अक्षरावर जवळपास साठ वर्षं वाद चाललाय.

मी या ओळीचं मराठी करायला बसलो आणि अडकलो. आपल्याकडे 'द' नाहीच. 'व्यापलेल्या प्रदेशांतून माघार' म्हटलं तर त्यात सगळे आले की काही? 'त्या' घातलं की अरबांची बाजू घेतली, 'काही' घातलं की इस्रायलची. हिब्रूत त्यासाठी 'हा' आहे, अरबीत 'अल्' आहे. ज्यांचं भांडण त्या दोघांच्याही भाषांत ही सोय आहे. म्हणजे इंग्रजी मसुद्यात जे मोकळं राहिलं, ते त्यांच्या भाषेत उतरवताना ज्याला त्याला निवड करावीच लागते. भारत तेव्हा परिषदेवर होता. आमच्या समजुतीप्रमाणे याचा अर्थ 'सर्व' प्रदेशांतून माघार असाच आहे, असं आपले प्रतिनिधी जी. पार्थसारथी यांनी मतदानाआधी सभागृहात नोंदवून ठेवलं. मला ते फार योग्य वाटलं. मसुद्यात संदिग्धता राहिली, तर निदान आपला अर्थ नोंदीत तरी असावा.

आता दुसरी बाजू बघा. सप्टेंबर १९७८, कॅम्प डेव्हिड, अमेरिकी अध्यक्षांचं विश्रामस्थान. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर, इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन तेरा दिवस डोंगरातल्या लाकडी घरांत राहिले. शेवटी एक नव्हे, दोन चौकटी (कराराचे आराखडे) निघाल्या. एक सिनाईची, दुसरी पश्चिम किनारा आणि गाझाची.

सिनाईच्या चौकटीतून २६ मार्च १९७९ चा तह झाला. त्याची परिशिष्टं वाचताना मी अक्षरशः सुखावलो. द्वीपकल्पाचे पट्टे पाडलेत. कालव्याकडच्या 'अ' पट्ट्यात इजिप्तचे जास्तीत जास्त २२,००० सैनिक आणि २३० रणगाडे. सीमेलगतच्या 'क' पट्ट्यात फक्त बहुराष्ट्रीय दल आणि इजिप्तचे नागरी पोलीस. इस्रायलच्या बाजूलाही एक पट्टा, तिथे चार बटालियन. माघारीची अखेरची तारीख ठरलेली: २५ एप्रिल १९८२. त्याप्रमाणे यामित नावाचं वसवलेलं गाव इस्रायली सैन्याने आपल्याच लोकांना ओढून बाहेर काढत रिकामं केलं आणि जमीनदोस्त केलं. त्याच्या सहा महिने आधी, ६ ऑक्टोबर १९८१ ला, सादात यांची कैरोत संचलनाच्या वेळी हत्या झाली होती. तरीही तारीख पाळली गेली.

फक्त 'ताबा' नावाचा एक तुकडा राहिला. आकाबाच्या आखातावरची किनाऱ्याची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावरचं एक हॉटेल. हद्दीचे खांब नेमके कुठे, यावर वाद. १९०६ साली ऑटोमन (तुर्की) साम्राज्य आणि इजिप्त यांच्यात आखलेली रेषा शोधायची होती. दोघे लवादाकडे गेले, सप्टेंबर १९८८ मध्ये निकाल लागला आणि मार्च १९८९ मध्ये ताबा इजिप्तला मिळाला. ज्या दोन देशांनी १९४८ ते १९७३ या पंचवीस वर्षांत चार मोठी युद्धं लढली, ते हद्दीच्या खांबासाठी जिनिव्हात नकाशे आणि जुने फोटो घेऊन भांडत होते! त्यांच्यात त्यानंतर युद्ध झालेलं नाही.

आणि दुसरी चौकट? 'पॅलेस्टिनी लोकांचे न्याय्य हक्क.' 'संपूर्ण स्वायत्तता.' सोबत कार्टर यांनी बेगिनना दिलेलं एक पत्र जोडलंय. त्यात लिहिलंय की जिथे जिथे 'पॅलेस्टिनी लोक' असेल तिथे बेगिन त्याचा अर्थ 'पॅलेस्टिनी अरब' असा घेतात. व्यापलेल्या भूमीवर इस्रायली वसाहती वसवणं थांबवण्याबद्दल कार्टर समजले की स्वायत्ततेची बोलणी चालू असेपर्यंत, बेगिन म्हणाले तीन महिने. हा समज-गैरसमज कागदावर कधी मिटलाच नाही.

एकाच घरात, एकाच दिवशी दोन चौकटींवर सह्या झाल्या. खांबापर्यंत लिहिली ती टिकली. संदिग्ध ठेवली तिथे आजही माणसं मरतायत. मला हा योगायोग वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

मेघमल्हार

काका, लेख आवडला, पण निष्कर्ष उलटा काढलाय असं वाटतं. दुसरी चौकट संदिग्ध ठेवली म्हणूनच पहिलीवर सही झाली. पश्चिम किनाऱ्यावर बेगिनकडून खांबापर्यंत लिहून मागितलं असतं तर ते उठून गेले असते. सादात यांनी तर एकदा बॅगा भरल्याच होत्या, कार्टर त्यांच्या खोलीत जाऊन विनवून आले. जेरुसलेमवर एकमत होईना, तेव्हा ते करारातून काढून ज्याने त्याने आपापलं पत्र जोडलं. हे नसतं केलं तर सिनाईसुद्धा आज वादातच असता. मुत्सद्देगिरीत याला विधायक संदिग्धता म्हणतात. दोन शत्रू आज जितकं मान्य करू शकतात तितकं लिहायचं, बाकीचं काळावर सोपवायचं.

---

सातमाळा

मेघमल्हार, काळावर सोपवायचं हे खरं, पण काळ दोघांचा सारखा नसतो.

ओस्लो करार घ्या. १३ सप्टेंबर १९९३, व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांचा हात मिळवलेला फोटो सगळ्यांना आठवत असेल. करारात काय मागे ठेवलं? जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा. म्हणजे भांडणाचा गाभाच. मुदत मे १९९४ पासून पाच वर्षं. ४ मे १९९९ ही तारीख आली आणि गेली. पूर्व जेरुसलेम वगळून पश्चिम किनाऱ्यावरच्या वसाहतींत १९९३ मध्ये साधारण १ लाख १० हजार लोक होते, २००० पर्यंत ते दोन लाखांच्या घरात गेले. दुसऱ्या ओस्लो कराराने अ, ब, क असे भाग पाडले. 'क' म्हणजे जवळपास साठ टक्के जमीन, तिथे आजही सगळा ताबा इस्रायलचा. ही व्यवस्था तात्पुरती होती!

चतुःसीमा काका, तुमच्या खरेदीखताच्या दाखल्यावरही माझा आक्षेप आहे. बांधावरच्या दोन भावांपैकी एकाच्या हाती सैन्य, चौक्या आणि पाणी नसतं. दुसऱ्याला आपल्याच शेतात जायला परवाना लागत नाही. जमीन ज्याच्या ताब्यात, संदिग्धता त्याच्या फायद्याची असते. हे तुम्ही मांडलं नाहीत.

---

चतुःसीमा

सातमाळा, मान्य. हे मला आधीच लिहायला हवं होतं, कारण हेच मी कचेरीत रोज पाहिलंय. दस्तात 'वहिवाटीप्रमाणे' असा शब्द घालायला नेहमी तोच माणूस सांगायचा, ज्याची वहिवाट चालू आहे. ज्याच्याकडे ताबा नाही, तो 'मोजून द्या' म्हणायचा.

मेघमल्हार, तुमचाही मुद्दा खोडता येत नाही. पण मग निदान मुदत आणि 'कसूर झाल्यास काय' ही दोन कलमं तरी पक्की हवीत ना? ओस्लोत मुदत होती, ती संपल्यावर काय हे नव्हतं. दोन्ही बाजूंना आपापला बॉम्ब आणि आपापला बुलडोझर चालू ठेवायला जागा राहिली.

---

अष्टागर_ते_अश्दोद

इथे बरेच महिने फक्त वाचत होते, आज लिहिते. माझं मराठी जुनं आहे, चूक झाली तर समजून घ्या.

आम्ही बेने इस्रायल (कोकणातले यहुदी), मूळचे अलिबागकडचे, पणजोबांपर्यंत तेलाचा घाणा. मी १९६४ साली नऊ वर्षांची असताना आईवडिलांबरोबर इथे इस्रायलला आले. शब्दाने माणसाचं काय होतं ते मला इथे आल्या आल्या कळलं. त्या वेळी लग्न लावण्याआधी पिढ्या तपासायचं एक परिपत्रक होतं आणि त्यात आमच्या समाजाचं नाव घालून लिहिलेलं होतं. त्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) आम्ही सर्वार्थाने यहुदी आहोत असा ठराव केला, मग परिपत्रकातून नाव निघालं. माझे वडील तो कागद बघून रडले होते. म्हणून चतुःसीमा, तुम्ही एका 'द' साठी एवढं का लिहिलंत ते मला समजतं.

पण माझ्या बाजूचंही ऐका. २००५ साली इस्रायल गाझातून निघाला. संदिग्ध काही नव्हतं. एकवीसच्या एकवीस वसाहती उठवल्या, आठ हजारांवर माणसं, अगदी कबरीसुद्धा हलवल्या. रेषा स्पष्ट होती. दोन वर्षांत तिथे हमासची सत्ता आली आणि माझ्या नातवंडांचं बालपण सायरनमध्ये गेलं. अश्दोदला सायरन वाजला की आसऱ्याच्या खोलीत पोचायला ४५ सेकंद मिळतात. माझ्या गुडघ्यांना ते पुरत नाहीत. आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला सुमारे १,२०० माणसं मारली, २५१ धरून नेली. त्यांत विवियन सिल्व्हर होत्या. ७४ वर्षांच्या, बेएरी या किबुत्झमध्ये (सामूहिक वस्तीत) राहणाऱ्या. गाझातल्या आजारी मुलांना आमच्या इस्पितळांत आपल्या गाडीने नेऊन सोडत. तीनच दिवस आधी, ४ ऑक्टोबरला, शांतीसाठी झटणाऱ्या इस्रायली आणि पॅलेस्टिनी बायकांचा जेरुसलेम आणि मृत समुद्राजवळ मेळावा झाला होता. त्यातली इस्रायली संघटना उभी करणाऱ्यांत विवियन होत्या. पाच आठवडे आम्हाला वाटत होतं त्या ओलीस आहेत. नंतर कळलं की त्या त्याच दिवशी, आपल्या घरीच गेल्या.

गाझात जे झालं ते मी बघितलंय, डोळे झाकलेले नाहीत. तिथल्या आरोग्य खात्याने ७०,००० हून जास्त मृत्यू मोजलेत, त्यात किती लेकरं. मला झोप येत नाही. पण रेषा नीट काढली की शांती येते, एवढं माझ्याच्याने म्हणवत नाही.

---

सातमाळा

ताई, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तुमच्या दुःखापुढे वाद घालणं जड जातं, तरी एक सांगतो. २००५ ची माघार एकतर्फी होती. समोर सही करणारं कुणी नव्हतं. समुद्र, आकाश आणि बहुतेक नाकी इस्रायलच्याच हाती राहिली. सिनाईसारखे पट्टे नाहीत, मधे उभं राहणारं दल नाही, पलीकडे जबाबदार धरावं असं सरकार नाही. ते हक्कसोडपत्र होतं, खरेदीखत नव्हे. आणि हमासने जे केलं त्याला कुठल्याही कलमाची सबब लागू होत नाही, हेही तितकंच स्पष्ट म्हणतो.

---

कुवैतची_वाळू

मी १९८२ ते १९९० कुवैतमध्ये एका बांधकाम कंपनीत होतो. तिथे तेव्हा पॅलेस्टिनी लाखोंनी होते. शिक्षक, इंजिनियर, हिशोबनीस. माझे वरिष्ठ गाझाचे. अतिशय नेमका माणूस, सळईचं वजन तोंडी सांगायचे.

त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता, इजिप्तने दिलेला प्रवासाचा दाखला होता, त्याला ते 'वसीका' म्हणत. त्या दाखल्यावर इजिप्तमध्येच प्रवेश मिळत नसे, वेगळा व्हिसा लागे. ज्याने कागद दिला त्याच्याच दारात कागद चालत नाही. १९६७ च्या जूनमध्ये ते कैरोत शिकत होते, म्हणून घरी परतायचा हक्कही गेला. त्यांची आई गाझात वारली, ते जाऊ शकले नाहीत. त्या दिवशीही ते साइटवर आले होते आणि दुपारी एका बाजूला जाऊन नमाज पढून परत नकाशापाशी उभे राहिले.

ठराव २४२ चा विषय त्यांनीच एकदा काढला होता. मी तेव्हा पंचवीस-सव्वीसचा, मला काहीच ठाऊक नव्हतं. म्हणाले, सगळे त्यातल्या 'अल्'वर भांडतात, पण पूर्ण ठराव वाच आणि त्यात पॅलेस्टिनी हा शब्द शोधून दाखव. मी नंतर वाचला. नाही तो शब्द. 'निर्वासितांच्या प्रश्नाचा न्याय्य तोडगा' एवढंच आहे. कुठले निर्वासित, कुणाचे, ते नाही.

इराकी सैन्य आलं तेव्हा मी जॉर्डनमार्गे अम्मानहून विमानाने मुंबईला आलो. माझ्या मागे माझा देश होता. १९९१ नंतर तिथल्या बहुतेक पॅलेस्टिनींना कुवैत सोडावं लागलं. ते कुठे गेले, मला आजतागायत माहीत नाही.

---

चतुःसीमा

कुवैतची_वाळू, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. चतुःसीमेवर एवढं लिहिलं आणि दस्तात पक्षकाराचंच नाव नाही, हे माझ्या नजरेतून सुटलं. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' ही दोन नावं तर पहिल्या परिच्छेदात लागतात.

इस्रायलशी झालेल्या कागदावर पक्षकार म्हणून ते नाव अधिकृतपणे यायला ९ सप्टेंबर १९९३ उजाडला. अराफत यांच्या पत्रात इस्रायलच्या अस्तित्वाचा हक्क मान्य, राबिन यांच्या पत्रात पीएलओ (अराफत यांची पॅलेस्टाईन मुक्ती संघटना) ही पॅलेस्टिनी लोकांची प्रतिनिधी म्हणून मान्य. पण तिथेही नीट वाचलं तर तोल सारखा नाही. एकाने राज्य मान्य केलं, दुसऱ्याने फक्त प्रतिनिधी.

---

पाणपोई

सगळे कागदावर बोलताय, मला माणसांबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

कॅम्प डेव्हिडच्या अखेरच्या दिवशी सगळं मोडत आलं होतं. बेगिन यांनी नातवंडांसाठी कार्टर यांच्या सहीचे फोटो मागितले होते. कार्टर यांनी प्रत्येक फोटोवर त्या त्या नातवंडाचं नाव घातलं आणि ते स्वतः बेगिन यांच्या खोलीवर घेऊन गेले. बेगिन एकेक नाव मोठ्याने वाचू लागले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यानंतर बोलणं पुन्हा सुरू झालं.

दुसरी जॉर्डनची. ऑक्टोबर १९९४ मध्ये तह झाला होता. मार्च १९९७ मध्ये सीमेवरच्या बाकुरा इथे एका जॉर्डनी सैनिकाने सहलीला आलेल्या इस्रायली शाळकरी मुलींवर गोळ्या झाडल्या, सात मुली गेल्या. तीनच दिवसांनी राजे हुसेन इस्रायलला आले, त्या मुलींच्या घरी गेले आणि जमिनीवर बसलेल्या आईबापांसमोर गुडघे टेकून बसले. तहाच्या कुठल्याच कलमात हे लिहिलेलं नव्हतं. तो तह आजही टिकून आहे. गाझाच्या युद्धाने राजदूत परत बोलावले गेले, रस्त्यांवर मोर्चे निघाले, तरी मोडला नाही.

---

मेघमल्हार

पाणपोई, हुसेन गुडघे टेकू शकले कारण तह आधी झालेला होता. त्याशिवाय ते त्या घरापर्यंत पोचलेच नसते. म्हणजे मी काकांच्या बाजूला थोडा सरकलो. २८०३ पुन्हा वाचतो. तिथे 'असू शकेल'च्या जागी एक तारीख जरी असती, तरी पुढच्या माणसाला धरून विचारता आलं असतं.

---

अष्टागर_ते_अश्दोद

आज एक झालं, ते इथेच लिहिते. आमच्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात एक अरब तरुण आहे, इथलाच नागरिक. गेली सहा वर्षं माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तोच देतो. युद्ध लागल्यापासून आम्ही गोळ्यांखेरीज एक शब्द बोललो नव्हतो. मीही नाही, तोही नाही.

आज मी त्याला विचारलं, २४२ तू शाळेत कसा शिकलास, 'अल्'सकट की 'अल्'शिवाय? तो बघतच राहिला. मग म्हणाला, घरी 'अल्'सकट. मी म्हटलं, मी 'हा'शिवाय शिकले. मागे कुणी ताटकळत होतं म्हणून तेवढंच झालं. पाकिटावर पुढची तारीख लिहून देताना त्याने विचारलं, तुमच्याकडचा हिब्रू मजकूर आणाल का, मी अरबी आणतो. गुरुवारी दुपारी दुकानात गर्दी नसते.

चतुःसीमा, तुमचं मराठी भाषांतर पूर्ण झालं असेल तर गुरुवारच्या आत इथे टाका. तेही छापून नेते.